सहा गुण

लकव्यानंतर दवाखान्यातून घरी सोडताना जी फाईल हातात दिली, तिच्यात सगळं होतं. रक्तदाबाची गोळी कधी, रक्त पातळ करायची कधी, मीठ कमी, तंबाखू बंद, फिजिओथेरपी रोज. पुढे फिट येऊ शकते आणि आली तर काय करायचं, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. गंमत म्हणजे, ती येण्याची शक्यता किती, हे काढायला लागणारी प्रत्येक नोंद त्याच फाईलीत होती. मी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात उमर घालवली. नोंदी सगळ्या आहेत आणि खाली बेरीज मारलेली नाही, असं पान दिसलं की मला राहवत नाही.

लकवा झाला तो झोपेत. पहाटे लघवीला उठायला गेलो तर डावा हात अंगाखाली दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडलेला, तोंड वाकडं, पाय टेकत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास मोजायचे शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून. मला शेवटचं धडधाकट पाहिलं होतं रात्री साडेनऊला, बातम्या बघताना. त्यामुळे तो विषय तिथेच संपला. मेंदूच्या उजव्या बाजूची मधली मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती, आणि मानेतली उजवी धमनी चरबी साचून बरीच अरुंद झालेली होती. काही दिवस दवाखान्यात काढून काठी धरून घरी आलो. हात उरला तो नावापुरता. कप धरता येई, शर्टाचं बटण लागत नसे.

पुढचे महिने चेंडू दाबण्यात आणि भिंतीवर बोटं चढवण्यात गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कंटाळवाणं काम आहे आणि ते करावंच लागतं.

पावसाळा सरत आला होता. दुपारी ओसरीत पेपर वाचत बसलो होतो. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं आपोआप उडायला लागली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. सौ.ला हाक मारली, "अगं, बघ, हात हलायला लागला!" ती पदराला हात पुसत आली आणि तिचा चेहरा पाहून मला कळलं की यात आनंद मानण्यासारखं काही नाही. झटके मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढले. मी उजव्या हाताने डावा हात दाबून धरला, तरी तो थांबेना. मग डावा गाल ओढायला लागला. मला सगळं समजत होतं, दिसत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. त्याच्या पुढचं काही आठवत नाही.

पुढचं सौ.कडून ऐकलेलं. डोळे डावीकडे फिरले, मान वळली, सगळं अंग ताठ झालं आणि मग हिसके. शेजारपाजार धावला. एकीने कांदा फोडून नाकाला लावला, एकाने पायातली चप्पल काढली, कुणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबायला लागला. एक आजी चमचा घेऊन दातखीळ सोडवायला निघाल्या होत्या. शेजारचा मुलगा कारखान्यात कामाला आहे, तिथे त्यांना प्रथमोपचार शिकवलेले. त्याने सगळ्यांना बाजूला केलं, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली सौ.ची शाल घडी करून सरकवली आणि चमचा आजींच्या हातातून काढून घेतला. शिवाय एका हाताने मोबाईलवर चित्रण करत राहिला. सौ.ला त्याचा इतका राग आला की पुढे आठवडाभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. ती म्हणते अर्धा तास चाललं. चित्रणात जेमतेम दोन मिनिटं आहेत. त्या पोराने घड्याळही लावलं होतं, पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर १०८ ला फोन करायचा म्हणून.

शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली, धोतर ओलं, आणि डावा हात पुन्हा ठार मेलेला. सात-आठ महिने घासून घासून जेवढा मिळवला होता, तेवढा सगळा गेला. घरात एकच वाक्य फिरत होतं, "दुसरा झटका आला." तासगावहून मिरजेला गाडीत घालून नेलं. वाटेत मी काही बोललो नाही. बोलता येत होतं, पण मन नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी बोटाला टोचून साखर पाहिली, मग सीटी स्कॅन. नवा रक्तस्राव नाही. नंतर एमआरआयमध्येही नवी इजा दिसली नाही, जुनाच डाग. तोवर बोटं हळूहळू परत येत होती, रात्री कप धरला. फिटनंतर तो भाग काही काळ लुळा पडतो, मिनिटांपासून दीड-दोन दिवसांपर्यंत. लंडनच्या टॉड नावाच्या डॉक्टरांनी १८४९ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. ज्याला आधी लकवा होऊन गेलाय त्याच्या घरच्यांना हा आणि दुसरा लकवा यातला फरक ओसरीत बसून कळणं शक्य नाही, आणि कळवून घेत बसूही नये, गाडी काढावी. पण डॉक्टरांना तो फरक लवकर कळला तो त्या चित्रणामुळे. झटके अंगठ्यापासून सुरू झाले, वर चढले, मग सगळं अंग, हे त्यांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी काढलं? हुशार आहे." सौ. तिथेच बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावून सांगायला वेळ काढला. मी वाद घातला. माझं म्हणणं सरळ होतं: एकदाच आली, साखर बरोबर, सोडियम बरोबर, मग एवढ्यावरून मला फिट्सचा आजार आहे कसं म्हणता? एका नोंदीवरून खातं थकबाकीत जात नाही.

ते म्हणाले, "काका, ती कधी आली यावर सगळं आहे."

लकवा झाल्यापासून सात दिवसांच्या आत आलेली फिट वेगळी धरतात. तेव्हा मेंदूचा तो भाग नुकताच उपाशी पडलेला असतो, पेशींतले क्षार इकडचे तिकडे झालेले, ग्लुटामेट नावाचं उत्तेजक रसायन नको तितकं सांडलेलं. ती फिट त्या गोंधळाची. गोंधळ निवळला की पुष्कळांना पुन्हा येत नाही. सात दिवसांनंतर येते ती जखम भरून झालेल्या व्रणातून. व्रणाच्या कडेच्या जिवंत पेशींची जोडणी बदललेली असते, आणि तो व्रण काही जाणार नसतो. अमेरिकेतल्या रोचेस्टर गावच्या नोंदींवरून २००९ मध्ये काढलेले आकडे त्यांनी सांगितले: लकव्यानंतर पहिल्या आठवड्यात फिट आलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना पुढच्या दहा वर्षांत आपोआप येणारी, म्हणजे तात्कालिक कारण नसलेली, फिट आली, आणि नंतर एकदा आपोआप फिट आलेल्यांपैकी ७१.५ टक्क्यांना पुन्हा आली. २०१४ पासून जगभरातल्या फिट्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने व्याख्या केलीय की एकच फिट आली असली तरी पुढच्या दहा वर्षांत दुसरी येण्याची शक्यता ६० टक्के किंवा वर असेल तर तो अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार. ७१.५ हे ६० पेक्षा जास्त आहे. मी गप्प बसलो.

३१ मार्चची नोंद आणि १ एप्रिलची नोंद, रक्कम तीच, पण वर्ष बदलतं, असंच हे. सातव्या दिवशी आली काय आणि नवव्या दिवशी आली काय, मेंदूला कॅलेंडर थोडंच कळतं, हे मीही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, रेघ कुठेतरी मारावीच लागते. तुमची रेघेच्या कित्येक महिने पलीकडे आहे.

मुलगी पुण्याहून आली. तिने दवाखान्याच्या खाटेवर फाईल पसरली आणि फोनवर एक तक्ता काढला. लकव्यानंतर फिट येण्याची शक्यता काढायचा, सिलेक्ट स्कोअर म्हणतात त्याला. २०१८ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या मासिकात आला. स्वित्झर्लंडमधल्या बाराशे रुग्णांवरून बांधला आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, इटलीतल्या तेवढ्याच रुग्णांवर तपासला. आपल्याकडचे रुग्ण त्यात नाहीत, हे मी तिला लगेच सुनावलं. ती म्हणाली, "आप्पा, आधी बेरीज तर करा."

केली. पहिला मुद्दा लकवा किती जबर होता. भरती होताना हात-पाय-बोलणं-नजर तपासून एक आकडा देतात, त्याला एनआयएचएसएस म्हणतात. तीनपर्यंत असेल तर शून्य गुण, चार ते दहा असेल तर एक, अकरा किंवा वर असेल तर दोन. माझा बारा लिहिलेला होता. दोन. मोठ्या धमनीत चरबी साचून लकवा झाला असेल तर एक. माझी मानेतली धमनी त्यातच. एक. पहिल्या सात दिवसांत फिट आली असेल तर तीन. मला नव्हती. शून्य. मेंदूचा वरचा थर, कॉर्टेक्स, सापडला असेल तर दोन. एमआरआयच्या अहवालात तो शब्द स्वच्छ टाईप केलेला. दोन. आणि मधली मोठी रक्तवाहिनी असेल तर एक. एकूण सहा, नऊपैकी.

शून्य गुणवाल्याला पहिल्या वर्षात फिट येण्याची शक्यता ०.७ टक्के, पाच वर्षांत १.३ टक्के. नऊवाल्याला पहिल्या वर्षात ६३ आणि पाच वर्षांत ८३ टक्के. मी मधल्या रेघेच्या वरच्या अंगाला. परीक्षेत सहा गुण मिळाले असते तर आईने पेढे वाटले असते.

२०२३ मध्ये या तक्त्यात सुधारणा झाली. पहिल्या आठवड्यातली फिट थांबतच नसेल, एकामागून एक चालूच राहिली असेल, तर तिला तीन नाही, सात गुण. म्हणजे बाकी सगळं शून्य असलं तरी तो माणूस वरच्या टोकाला.

तक्त्यात काय नाही, हेही मी पाहिलं. मधुमेह नाही, तंबाखू नाही, चिंता नाही, जागरण नाही. या सगळ्यांवर सगळे नातेवाईक बोलून गेले होते. सौ.ला वाटत होतं आदल्या रात्री मी उशिरापर्यंत मॅच बघितली म्हणून झालं. झोप मोडली की ज्याला फिट्स आहेत त्याला ती येऊ शकते, हे डॉक्टरांनीही सांगितलं, पण व्रण तिथे नसता तर मॅचने काही झालं नसतं. एका भावकीतल्या गृहस्थाने देवऋषाकडे नेऊन आणायचं सुचवलं. मी त्याला विचारलं, देवऋषाला एमआरआय वाचता येतो का? तो अजून रुसलेला आहे.

फिजिओथेरपीला आम्ही चार-पाच जण नेहमीचे. तिथे या तक्त्याचा उपयोग मला जास्त समजला, कारण लकवा म्हणून सगळ्यांचा एकच शब्द, पण आत प्रत्येकाचं वेगळं. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्या मेंदूत खोल आत बारीकशी रक्तवाहिनी बंद पडलेली. वरचा थर शाबूत, मोठी धमनी शाबूत, लकवाही सौम्य. त्यांची बेरीज शून्य. पायाला मुंग्या आल्या तरी ते फिट आली म्हणून घाबरायचे, आता घाबरत नाहीत, निदान माझ्यासमोर तरी. दुसरा एक ट्रॅक्टरवाला, पन्नाशीही गाठलेली नाही. त्याला गुठळीचा नव्हे, रक्तस्रावाचा लकवा. त्याला माझा तक्ता लागू नाही. रक्तस्रावाचा वेगळा आहे, केव्ह नावाचा, २०१४ चा, हेलसिंकीच्या डॉक्टरांचा. त्यात चार मुद्दे, प्रत्येकी एक गुण: वरचा थर सापडला का, वय ६५ पेक्षा कमी आहे का, रक्त दहा मिलिलिटरपेक्षा जास्त साचलं होतं का, पहिल्या सात दिवसांत फिट आली का. शून्य असेल तर उशिराच्या फिटची शक्यता ०.६ टक्के, चारही असतील तर ४६ टक्क्यांच्या आसपास.

वय कमी असणं धोक्याच्या बाजूला मोजतात, हे वाचून मी दोनदा चश्मा पुसला. आपण धरून चाललेलो असतो की तरुण माणूस सगळ्यातून लवकर उठतो. रक्तातलं लोह तिथेच झिरपून राहतं आणि वरच्या थराला डिवचत राहतं, हे रक्तस्रावात फिट्स जास्त येण्याचं एक कारण सांगतात. कवटी उघडून दाब कमी करायची शस्त्रक्रिया झालेल्यांतही फिट्सचं प्रमाण बरंच जास्त असतं. ट्रॅक्टरवाल्याची तीही झाली होती. त्याची बेरीज मी मनात केली, तोंडाने सांगितली नाही. त्याच्या बायकोला एवढंच सांगितलं की डॉक्टरांना हा प्रश्न स्पष्ट विचारा, आणि कुशीवर कसं वळवायचं ते शेजारच्या पोराकडून शिकून घ्या. पोरगं स्वतः येऊन दाखवून गेलं.

आता खरा प्रश्न. माझी बेरीज घरी सोडतानाच कुणी केली असती तर फिट टळली असती का? नाही. मी हे डॉक्टरांना सरळ विचारलं, कारण माझ्या डोक्यात हिशेब तयार होता की धोका माहीत होता तर गोळी आधीच का नाही दिली. त्यांचं उत्तर असं: फिट येण्याआधीच गोळी दिल्याने पुढे फिट्सचा आजार जडणं थांबतं, असं आजवर कुठे सिद्ध झालेलं नाही, म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट आधीपासून गोळ्या देऊ नका असंच सांगतात. गोळी फिट दाबते, व्रण काही मिटवत नाही. आणि सहा गुणवाल्यांतसुद्धा फिट न येणारेच जास्त, त्या सगळ्यांनी गोळीचे त्रास विनाकारण का भोगायचे? हे मला पटलं.

तरीही बेरीज सांगायला हवी होती, या मतावर मी ठाम आहे. बोटं उडायला लागली तेव्हा मला आनंद झाला, याचा अर्थ काय? माहीत असतं तर मी पेपर टाकून खाली बसलो असतो, खुर्चीवरून पडलो नसतो. आजी चमचा घेऊन आल्या नसत्या. सौ.ने मिरजेपर्यंतचा तासाभराचा रस्ता मी मेलोच असं समजून काढला नसता. एक पान पुरलं असतं. ज्या दवाखान्याने मीठ किती ग्रॅम खायचं ते लिहून दिलं, त्याला हे अवघड नव्हतं.

गोळी लेव्हेटिरासिटॅम, सकाळ-संध्याकाळ. फेनिटॉईन का नाही, हे मी विचारलं, कारण गावात फिट म्हटलं की तीच गोळी सगळ्यांना माहीत आहे, आणि स्वस्तही आहे. तर ती यकृताचं काम वाढवून बाकीच्या औषधांचा जोर कमी करते, कोलेस्टेरॉलच्या गोळीचा, काही रक्त पातळ करायच्या गोळ्यांचाही. लकव्याच्या माणसाला नेमकं तेच परवडत नाही. लेव्हेटिरासिटॅम त्या बाबतीत सरळ आहे, पण माझ्या डोक्यात गेली. मी मुळात शांत माणूस, निदान पतसंस्थेत तशी ख्याती होती. महिन्याभरात मी दूधवाल्यावर ओरडलो, जावयावर ओरडलो, टीव्हीवरच्या निवेदिकेवर ओरडलो. सौ. म्हणाली, "अहो, फिट परवडली, पण हे नको." हा त्या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे, तो सांगायला लाजू नये. मग लॅमोट्रिजिन सुरू केली. ती अगदी थोड्या मात्रेपासून आठवड्या-आठवड्याने चढवावी लागते, घाई केली तर अंगावर घातक पुरळ येऊ शकतं, म्हणून पूर्ण मात्रेला पोहोचेपर्यंत जुनी गोळीही चालू ठेवली. आता एकटी लॅमोट्रिजिन आहे. दूधवाला पुन्हा दारात थांबतो.

मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, ईईजी, दोनदा काढला. उजव्या बाजूला संथ लहरी आल्या, फिटची खूण अशी नाही. मी लगेच विचारलं, मग गोळी बंद? डॉक्टर म्हणाले, फिट नसताना काढलेला ईईजी स्वच्छ आला म्हणून आजार नाही असं होत नाही. फाईलीत पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: फिट्सचा रुग्ण, नवीन औषध देण्याआधी बघावे. कारण ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक फिटची शक्यता वाढवू शकतात, आणि आमच्याकडे मेडिकलच्या दुकानातून या दोन्ही गोष्टी सहज उचलल्या जातात. माझा गुडघा दुखतो म्हणून एकाने खिशातून काढून दिलेली गोळी मी तशीच परत दिली.

न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, हा घरातला नवा कायदा. विहिरीवर एकट्याने जायचं नाही. गॅसजवळ मी तसाही जात नव्हतो. स्कूटरची किल्ली सौ.ने कुठे ठेवलीय ते मला माहीत आहे, पण मी मागत नाही. परवान्याच्या अर्जासोबतच्या जाहीरनाम्यात फिट्स येतात का हा प्रश्न असतो, आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर खोटी उत्तरं पकडली आहेत.

त्यानंतर एकदाच बोटं उडाली, दिवाळीच्या आसपास, गोळीची रात्रीची मात्रा पाहुण्यांच्या गडबडीत राहिली होती तेव्हा. मनगटापर्यंत येऊन थांबली. मी आपणहून खाली सतरंजीवर आडवा झालो आणि सौ.ला घड्याळ बघायला सांगितलं. गोळ्या किती वर्षं, हे डॉक्टर सांगत नाहीत. दोनेक वर्षं काही आलं नाही तर बोलू म्हणतात, पण व्रण वरच्या थरात असल्याने फार आशा धरू नका, हेही त्याच दमात सांगतात. पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे. या खेपेला ट्रॅक्टरवाला आणि त्याची बायकोही बरोबर यायचं म्हणतायत, एकाच गाडीने.